भावाला बीएस्सी कॉम्प्युटरला घालू की पुण्याच्या सहा महिन्यांच्या कोर्सला?

मिरजेची_ताई

नमस्कार. प्रश्न माझा नाही, धाकट्या भावाचा आहे. तो इथे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय.

बारावी सायन्स, ५८ टक्के. सीईटीत फार काही जमलं नाही, त्यामुळे इंजिनिअरिंगचा विषय घरात संपलाय. कॉम्प्युटरचं मात्र वेड आहे. यूट्यूब बघून एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट शिकलाय. आमच्या कॉलनीतल्या जिमची वेबसाइट त्यानेच केली, मालकाने तीन हजार दिले. त्या तीन हजारांनी घात केला. आता म्हणतो, सगळं नेटवर आहे, कॉलेजात तीन वर्षं कशाला घालवू?

बाबा एसटीत कंडक्टर आहेत, चार वर्षांनी रिटायर होतील. त्यांचं म्हणणं, डिग्री नसेल तर उद्या मुलगीसुद्धा कोणी देणार नाही. मामा पुण्यात असतो. त्याच्या ओळखीच्या एका क्लासचा सहा महिन्यांचा फुल स्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजू) कोर्स आहे, फी ८५ हजार आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. इकडे सांगलीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळतोय. फी क्लासपेक्षा बरीच कमी, पण तीन वर्षं जाणार.

ज्यांनी डिग्रीशिवाय काम मिळवलंय, किंवा डिग्री घेऊन पस्तावलेत, त्यांनी खरं काय ते सांगा. 'दोन्हींचा समतोल हवा' असं कृपया लिहू नका. तेवढं मलाही कळतं.

---

रिझ्युमे_चाळणी

आयटी भरतीत नऊ वर्षं आहे. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी, पदवी, तिन्हींत ६० टक्क्यांची अट असते. भावाचे ५८ म्हणजे पदवीला ९० पाडले तरी काही रांगा त्याला आत्ताच बंद झाल्यात. बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, तिची चौकशी आधी करा. दोन टक्क्यांचा प्रश्न आहे.

छोट्या कंपन्या टक्के बघत नाहीत. पण पोर्टलवर पदवीचा रकाना रिकामा सोडला तर अर्ज माझ्यापर्यंत पोचतच नाही, सॉफ्टवेअर आधीच बाजूला टाकतं. मी नाकारते असं नाही, मला तो मुलगा दिसतच नाही.

क्लासचा करार मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. 'प्लेसमेंट'च्या पुढे 'असिस्टन्स' हा शब्द बारीक अक्षरात कुठे आहे का बघा.

---

टर्मिनल_तात्या

डिग्री म्हणजे कागद. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी बघा, बारावीची आणि डिप्लोमाची पोरं घेतात, कोणी पदवी विचारत नाही. तमिळनाडूच्या खेड्यात बसून ती पोरं जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर लिहितात. भावाला मोकळं सोडा.

---

फॅट_साडेतीन

ताई, तात्यांचं उदाहरण खरं आहे, फक्त ते त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. झोहोची ती शाळाच आहे. पोरांना रोज वर्गात बसवतात, शिकवायला माणसं आहेत, वर महिन्याला भत्ता देतात. डिग्री नाही एवढंच. त्याला एकट्याने शिकणं म्हणत नाहीत. एकट्याने शिकणं काय असतं ते मी सांगतो, कारण ते मी केलंय.

माझं गाव वाळवा तालुक्यात. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. मी २०११ ला बारावी कॉमर्स झालो, ५१ टक्के (तुमच्या भावाला सांगा, तो माझ्यापेक्षा हुशार आहे), आणि घरीच बसलो. संस्थेत एक कॉम्प्युटर होता, त्यावर फॉक्सप्रोतलं बिलाचं सॉफ्टवेअर. दुधाचा दर बदलला की ते लिहिणारा माणूस कोल्हापूरहून यायचा, पेट्रोलचे वेगळे आणि बदलाचे हजार घ्यायचा. एकदा तो आठ दिवस फिरकला नाही. आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्या दिवशी संस्थेच्या कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते. शेवटी मीच त्याच्या फायली नोटपॅडमध्ये उघडल्या. इंग्रजी आमचं बेताचंच. पण त्या सगळ्या गिचमिडीत ३.५ आणि ८.५ दिसले, आणि गाईच्या दुधाचं फॅट नि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मला शेंबड्या वयापासून पाठ आहे. त्याच्या शेजारचा आकडा दर असणार. बदलला, बिल निघालं. माझं शिक्षण तिथं सुरू झालं.

पुढे दीडेक वर्षात पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस शिकलो. फोरम, यूट्यूब, आणि इस्लामपूरच्या सायबर कॅफेत काढलेले प्रिंटआउट. २०१३ ला संस्थेचं अख्खं सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं: सकाळ-संध्याकाळचं संकलन, दरपत्रक, पशुखाद्याची कपात, उचल, सगळं. ३४० सभासद. गावात मला 'इंजिनिअर' म्हणायला लागले, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. तुमच्या भावाचे तीन हजार मी चांगले ओळखतो.

मग किर्द जुळेना. कधी चार पैशांचा फरक, कधी एकोणीस. मी वडिलांना म्हटलं, चार पैसेच आहेत, सोडा. ते म्हणाले, "चार की चारशे ते राहू दे. कुणाचे आहेत ते सांग." अकरा रात्री मी कोड खालीवर केला. बेरीज बरोबर, कपात बरोबर, तरी फरक. शेवटी कुठल्यातरी फोरमवर कोणीतरी दुसऱ्याच कुणाला खडसावलेलं वाचलं, की पैशांचा रकाना कधी फ्लोट ठेवायचा नसतो, डेसिमल ठेव. ठेवला. जुळलं.

का जुळलं ते मला सहा वर्षांनी कळलं. मुक्त विद्यापीठातून बीसीए करताना संख्या बायनरीत कशा साठवतात याचा एक भाग होता, जेमतेम दीड पान. आपण १ भागिले ३ लिहायला गेलो की ०.३३३ संपत नाही, तसा कॉम्प्युटरला ०.१ संपत नाही. फ्लोटमध्ये तो कुठेतरी तोडतो, डेसिमलमध्ये पैसे जसेच्या तसे राहतात. त्यात साध्या फ्लोटला २४ बिटांचीच अचूकता, म्हणजे रक्कम चार लाखांच्या आसपास गेली की त्याला माहीत असलेल्या लागोपाठच्या दोन आकड्यांमध्येच तीन पैशांची दरी असते. मधले पैसे त्याच्या जगात नाहीतच. आमची दहा दिवसांची बिलं तेवढ्याच घरात जायची. अकरा रात्री विरुद्ध दीड पान.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे डिग्री घ्यावी. थांबा. त्याच रविवारच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्याने ते दीड पान 'परीक्षेला येत नाही' म्हणून दुमडून ठेवलं होतं. आणि २०११ ला ते मला कोणी दिलं असतं तर मीही तेच केलं असतं. माझ्या पोटात चार पैसे दुखत होते म्हणून मला ते दिसलं.

एसएमएसचं उलटं झालं. सभासदांना बिलाचा मेसेज मराठीत पाठवायचा ठरला आणि मेसेजचं बिल दुपटीहून जास्त आलं. विकणारा म्हणाला, "मराठी महाग असतं." मला ते पटेना. शोधलं तर एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. मराठी आलं की प्रत्येक अक्षराला १६, म्हणून ७०. वर आपली जोडाक्षरं. 'प्राजक्ता' आपल्याला तीन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर प, हलन्त, र, काना असं मोजत नवावर जातो. 'आपल्या खात्यावर जमा करण्यात आली आहे' काढून नुसतं 'जमा' केलं, मेसेज एकात बसला. हे मला कुठल्या वर्गाने शिकवलं नाही, आणि बिल भरणाराच नसतो तर मीही शोधलं नसतं.

पण सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या वर्षी संस्थेचं बिल निघायला चार मिनिटं लागायला लागली. मला वाटलं कॉम्प्युटर म्हातारा झाला. संचालक मंडळात ठराव करून मी रॅम घ्यायला लावली. बिल तरी पावणेचार मिनिटं. पुढे २०१७ ला पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो, महिना चौदा हजार, संस्थेचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर दाखवून. तिथे शेजारी बसणारी बीई झालेली मुलगी ते बघताना सहज म्हणाली, "इंडेक्स कशावर टाकलायस?" मी तो शब्द ऐकलेला नव्हता. ३४० सभासद, दिवसातून दोनदा, वर्षाच्या जवळजवळ अडीच लाख ओळी होतात. प्रत्येक सभासदासाठी माझा प्रोग्राम त्या सगळ्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, हवी ती ओळ थेट सापडते. तिने तो टाकणारी एक ओळ लिहिली आणि दोन सेकंदांत बिल आलं. संस्थेच्या रॅमचे पैसे मी अजून दिलेले नाहीत.

स्वतः शिकणाऱ्याचं दुखणं हे आहे. जे अडतं ते तो शोधून काढतोच, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण जे नुसतं हळू चालतंय, किंवा आज चालतंय नि उद्या फुटणार आहे, ते तसंच असायचं असं धरून तो बसतो. फ्लोट मला सापडला, कारण किर्द ओरडत होती. इंडेक्स सापडला नाही, कारण चार मिनिटं कोणी ओरडत नव्हतं. आणि गोष्टीचं नावच माहीत नसेल तर गुगलला काय विचारणार? आता एआयलाही तेच. ते तुमच्यासाठी रकाना फ्लोटही करून देईल आणि डेसिमलही. कुठला दिलाय हे बघायचं असतं हे आधी ठाऊक पाहिजे.

(त्या मुलीला बॅकअप परत कसा चढवतात हे माहीत नव्हतं, ते मी शिकवलं. फिटंफाट.)

कागदाबद्दल रिझ्युमेताई बोलल्यात ते खरं आहे. मला एका बऱ्या कंपनीने तीन मुलाखतींनंतर होकार दिला आणि कागदपत्रांच्या वेळी परत घेतला, पदवी नाही म्हणून. त्यानंतर मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं, अठ्ठाविसाव्या वर्षी पदवीधर झालो. आणि बाबांचं लग्नाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मला दोन नकार आलेत. दुसऱ्या ठिकाणी तर मुलीच्या भावाने 'बारावी कॉमर्स आणि आयटीत कसे?' असं अशा चेहऱ्याने विचारलं की जणू मी कंपनीत चहा देतो.

माझं मत विचाराल तर सांगलीत बीएस्सीला घाला. मोठं नाव नसलं तरी चालेल. तो घरी राहील, डबा घरचा, पुण्याच्या खोलीभाड्यात फी निघेल, आणि दुपारनंतरचा वेळ त्याचा. ८५ हजार देऊ नका. सहा महिन्यांत जे शिकवतात ते सगळं फुकट मिळतं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, परीक्षा द्यायचीच असेल तर विषयाला हजार रुपये. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर आहेत, दिसायला रुक्ष पण डेटाबेसचा भाग सरळ लिहिलाय. गणित बरं असेल तर आयआयटी मद्रासची २०२० पासून ऑनलाइन पदवी आहे. जेईई लागत नाही, चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, आणि मध्येच सोडलं तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात पडतो. उत्पन्न कमी असेल तर फीत सवलत आहे.

पण प्रवेशाआधी त्याला एक महिना द्या आणि एक काम सांगा. जिमची वेबसाइट म्हणजे भिंतीवरचं चित्र आहे, त्यात चुकलं तर कुणाचं काही जात नाही. आता त्याच मालकाची फीची वही करायला सांगा. कोण कधी आलं, किती भरले, पुढची तारीख कधी, कुणाचे राहिलेत. पैसे आणि तारखा आल्या की कळतं. आईने 'झालं का रे?' न विचारता महिन्यात पूर्ण केलं, तर पोरगं कॉलेज सांभाळून स्वतःचं स्वतः शिकेल. पंधराव्या दिवशी नवा लॅपटॉप मागायला लागलं, तर त्याला कॉलेजची घंटा लागते. त्यात लाज काही नाही, माझ्या ओळखीतल्या निम्म्या चांगल्या प्रोग्रामरना लागते.

---

सबमिशन_उद्या

मी पॉलिटेक्निकला डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) शिकवतो, म्हणून राहवलं नाही. फॅटभाऊ, तुमचा इंडेक्स आमच्या अभ्यासक्रमात आहे. व्याख्या, आकृती, बी-ट्री, सगळं आहे आणि पोरं परीक्षेत सुंदर लिहितात. पण प्रात्यक्षिकाला टेबल कुठलं? ओरॅकलच्या सरावातलं ते जुनं एम्प. चौदा ओळी. चौदा ओळींवर इंडेक्स असला काय नि नसला काय. त्यामुळे पोराला तो औषधाच्या नावासारखा पाठ असतो, आजार कधी पाहिलेला नसतो.

तुमचं वाचून काल वर्गात यादृच्छिक पाच लाख ओळी भरून दाखवल्या. आधी इंडेक्सशिवाय, मग इंडेक्स टाकून. मागच्या बाकावरचा मोबाइल खाली ठेवला गेला. मग एकाने विचारलं, "सर, हे जर्नलमध्ये लिहायचं का?"

एका गोष्टीत तुमच्याशी वाद आहे. 'मोठं नाव नसलं तरी चालेल' हे अर्धंच खरं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी तीन वाजता जाऊन उभे राहा. मशीन चालू आहेत का, कोणी बसलंय का, का कुलूप आहे. माहितीपत्रकात हे कळत नाही.

---

टर्मिनल_तात्या

झोहोबद्दल मान्य, शाळा म्हणा. पण अकरा रात्री जागलेला माणूस आणि दीड पान वाचलेला माणूस यांत मी कामावर अकरा रात्रींवाला घेईन.

---

फॅट_साडेतीन

तात्या, घ्या की. पण पगार चौदा हजार देऊ नका.

---

श्टुटगार्टकर

परदेशाचा विचार पुढे कधी होणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवी नसतानाही ब्लू कार्डचा (तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याचा) रस्ता उघडलाय, पण गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि पगाराची किमान मर्यादा आहेच. पदवी असेल तर विद्यापीठ अनाबिन नावाच्या यादीत कसं नोंदलंय ते बघतात, म्हणून प्रवेशाआधी तिथे एकदा नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. तिथे शिक्षणाचं एक वर्ष भरून काढायला कामाची तीन वर्षं धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षं. आमच्या ऑफिसात पदवी नसलेले दोघे आहेत, दोघेही जर्मनच. त्यांनी इथली तीन वर्षांची आउसबिल्डुंग केलीय, आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि बाकीचे शाळेत. त्यांनाही 'स्वतः शिकलेले' म्हणता येणार नाही.

---

मिरजेची_ताई

सगळ्यांचे आभार. पाच आठवडे झाले, म्हणून कळवतेय.

श्रेणीसुधारचा अर्ज भरायचं ठरलंय. बाबांनी स्वतः दुपारी तीन वाजता दोन कॉलेजांच्या लॅब बघितल्या, युनिफॉर्मवरच गेले होते, त्यामुळे एका ठिकाणी शिपायाने तिकीट तपासायला आलात का विचारलं. दुसऱ्या ठिकाणी लॅब भरलेली होती, प्रवेश तिथेच घेतला. मामा जरा नाराज आहे.

जिमची वही त्याने केली. महिन्यात नाही, पस्तीस दिवसांत, आणि आईने दोनदा विचारलं, ते मोजायचं की नाही तुम्ही ठरवा. पैसे डेसिमलमध्ये ठेवलेत, हे त्याने मला तीनदा सांगितलं. पण आता एक भांडण लागलंय. मालकाची जुनी वही जानेवारीपासून चढवली. एका माणसाने ३१ जानेवारी २०२५ ला महिन्याची फी भरली, तर याचा प्रोग्राम पुढची तारीख ३ मार्च दाखवतोय. मालक म्हणतो, हा गडी माझ्याकडे तीन दिवस फुकट व्यायाम करून गेला. भाऊ म्हणतो, जावास्क्रिप्टच तसं मोजतं, माझी चूक नाही. दादा, बरोबर तारीख कुठली?

---

फॅट_साडेतीन

जावास्क्रिप्टने महिना एकने वाढवला, ३१ फेब्रुवारी झाली, ती नाही म्हणून तीन दिवस पुढे ढकलून ३ मार्च केलं. ते का झालं एवढं मी सांगू शकतो. बरोबर तारीख मला माहीत नाही. २८ फेब्रुवारी म्हणता येईल, १ मार्च म्हणता येईल, सरसकट तीस दिवस धरले तर २ मार्च येते. त्याला म्हणावं, मालकाकडे वही घेऊन जा आणि इतकी वर्षं ३१ तारखेचा माणूस आला की ते काय करत होते, ते विचार. एकतीसवाले किती आहेत तेही मोजून ये.

आणि पस्तीस दिवस चालतील.